सात बुटके आणि त्यांचा देव

माझ्या गुगल ड्राइव्हमध्ये 'डोंगरी लोक – देव' नावाची एक शीट आहे. बारा ओळी, पाच कॉलम: नाव, खातं, चिन्ह, शस्त्र, सण. भट्टीचा देव, खाणीचा देव, दरडींची देवी, दारूचा देव. हो, दारूचा पण. पुण्यात आम्ही पाच जण शनिवारी रात्री 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. त्यात डंजन मास्टर मी, म्हणजे जग रचायचं काम माझ्याकडे. या शीटवर मी तीन रात्री घालवल्या होत्या आणि मला तिचा बऱ्यापैकी अभिमान होता.

आमच्यातली एक मैत्रीण मूळची सुरगाण्याकडची, कोकणा समाजातली. तिनं फोनवर शीट वर-खाली सरकवून पाहिली आणि विचारलं, "यातला कुठला देव या लोकांवर रुसलाय?"

मी म्हटलं, तसं काही ठरवलेलं नाही.

"बरं, मग हे लोक कुठल्या देवावर रुसलेत?"

तेही ठरवलेलं नव्हतं.

"मग हे देव कसले? ही तर पालकमंत्र्यांची यादी आहे."

सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन चिडलो. कारण ती बरोबर होती. आणि ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. आज गेममध्ये, सिरीजमध्ये, वेबकादंबऱ्यांमध्ये जिथे जिथे काल्पनिक डोंगरी जमात येते, तिथे तिचे देव असेच येतात: खातेवाटप करून, शपथविधी उरकून. जमात स्वतः ठरलेली असते. बुटकी, दाढीवाली, दारू ढोसणारी, सोन्यासाठी जीव टाकणारी. अशा लोकांना देवाची गरज तरी काय? शिवी घालताना तोंडात घ्यायला एक नाव असलं की भागतं.

माझं म्हणणं असं आहे की या सगळ्यांच्या मुळाशी जे डोंगरी लोक आहेत, त्यांना देव होता. साधासुधा नव्हे, विसाव्या शतकात कागदावर रचलेल्या पुराणकथांमधल्या सगळ्यात चटका लावणाऱ्या कथेतला देव होता. आपण तो काढून घेतला आणि त्यांच्या हातात बिअरचा मग दिला.

बुटक्यांच्या इतिहासात 1937 हे मोठं वर्ष आहे. त्या सप्टेंबरात टोल्किनचं 'द हॉबिट' आलं आणि डिसेंबरात डिस्नेची 'स्नो व्हाइट'. आपण मराठीत 'हिमगौरी आणि सात बुटके' ऐकत वाढलो, त्यामुळे सात बुटके आपल्या ओळखीचे. खाणीत जातात, गाणं म्हणत परत येतात, एक चिडका, एक झोपाळू. (टोल्किनला डिस्नेच्या चित्रांचा मनापासून तिटकारा होता. त्यानं तो त्याच वर्षी प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात लपवलेला नाही.) योगायोग असा की टोल्किनच्या ड्वार्फांचे मूळपुरुषही सातच. पण त्या सातांची गोष्ट हिमगौरीच्या बुटक्यांना कधी कुणी सांगितली नाही.

ती गोष्ट 'सिल्मरिलियन'मध्ये आहे, टोल्किनच्या मृत्यूनंतर 1977 साली मुलानं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात. पुस्तक जाड आहे, नावं जड आहेत, बरेच जण पहिल्या तीस पानांतच हात टेकतात. म्हणून थोडक्यात सांगतो.

इलूवातार हा या विश्वाचा एकमेव कर्ता. त्याच्या हाताखाली मोठमोठ्या शक्ती. त्यातला आउले हा कारागीर: माती, धातू, दगड, हातोडा, ऐरण हे त्याचं सगळं. इलूवातारनं सांगून ठेवलंय की पृथ्वीवर माझी लेकरं येणार आहेत, आधी एल्फ, मग माणसं. केव्हा ते सांगितलेलं नाही. आउलेला दम धरवत नाही. आपल्याला येतं ते कुणाला तरी शिकवावं, या ओढीनं तो घाईला येतो. डोंगराखाली, कुणाला न सांगता, तो स्वतःच सात जीव घडवतो. येणारी लेकरं नक्की कशी दिसतील हे त्याला धड ठाऊक नाही, म्हणून हे बुटके होतात. आणि पृथ्वीवर तेव्हा दुष्टाची सत्ता आहे, म्हणून तो त्यांना चिवट घडवतो, वाकवून न वाकणारे. काम संपतं आणि तो त्यांना स्वतः रचलेली भाषा शिकवायला बसतो.

नेमका तेव्हाच इलूवातारचा आवाज येतो. हे तू का केलंस? तुला प्राण देता येत नाहीत. तू मनात आणशील तेव्हाच हे हलतील, तुझं लक्ष दुसरीकडे गेलं की ठप्प उभे राहतील.

आउलेचं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणतो, मला राज्य करायला बाहुले नको होते. ज्यांच्यावर माया करावी, ज्यांना शिकवावं असं कुणीतरी हवं होतं. पोर बापाचं काम पाहून तसाच खेळ मांडतं, त्यात बापाची टिंगल नसते. आता हे तुझे. मोडायचे तर मोडू का? आणि तो रडत हातोडा उचलतो.

ते सात जण अंग चोरतात. माना खाली घालतात, दया मागतात.

इलूवातार त्याचा हात थांबवतो: बघ, तू देऊ केलंस तेव्हाच मी घेतलं. नाहीतर हे तुझ्या हातोड्याला घाबरले कसे असते?

या लोकांच्या जिवंत असण्याचा पहिला पुरावा म्हणजे त्यांची भीती. ते पहिल्यांदा स्वतःच्या मनानं हलले, ते जन्मदात्याच्या हातोड्याखालून निसटायला. असं मूळ असलेल्या लोकांना वेगळं काही सांगावं लागत नाही. ते संशयी का, हट्टी का, उपकार आणि अपमान दोन्ही का विसरत नाहीत, दार आतून का लावून घेतात, सगळं तिथूनच येतं. शिवाय गोष्ट तिथे संपत नाही. इलूवातार त्यांना दत्तक घेतो, पण वर अट घालतो: माझी लेकरं आधी जागी होतील, तोवर तुम्ही दगडाखाली झोपा. सगळ्यांच्या आधी घडवलेले, पण मान धाकटेपणाचा. आणि तो हेही सांगून टाकतो की तुझ्या पोरांचं आणि माझ्या पोरांचं बऱ्याचदा पटणार नाही.

हे समजायला आपल्याला परदेशी चष्मा लागत नाही. पार्वतीनं अंगच्या मळाचं पोर केलं ते शंकराला न विचारता, आणि शंकरानं आधी त्याचं डोकं उडवलं, मग त्याला मुलगा म्हणवलं. दर भाद्रपदात आपण ज्याला घरी आणतो तो अशाच परवानगीविना झालेल्या निर्मितीतून आलेला आहे. विश्वामित्राची प्रतिसृष्टीही आपल्याला माहीत आहे. टोल्किननं परीकथांवरच्या निबंधात लेखकाच्या कामासाठी एक इंग्रजी शब्द घडवला, त्याला मराठीत शब्द शोधायला गेलं की 'प्रतिसृष्टी'च हाताशी येतो. फरक इतकाच की विश्वामित्र इरेला पेटून करतो आणि आउले मायेपोटी. आणि आउलेकडे, त्याचं केलेलं मोडायची वेळ आल्यावर, ते मोडायची तयारी आहे.

आता 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा मोरादिन पाहा. ड्वार्फांचा मुख्य देव, लोहार, डोंगराच्या पोटात धातूचे ड्वार्फ घडवतो, फुंकर मारून त्यांच्यात प्राण घालतो. आउलेची झेरॉक्स आहे हे आंधळ्यालाही दिसेल. पण झेरॉक्स काढताना नेमकं काय गळलं? चोरून करणं गळलं. वरून आलेला प्रश्न गळला. हातोडा गळला, अंग चोरणं गळलं, दत्तक जाणं गळलं. उरला एक समर्थ लोहार आणि त्याचा यशस्वी प्रॉडक्ट लाँच. मग त्याच्याभोवती मंत्रिमंडळ: क्लँगेडिनकडे युद्ध, ड्युमाथॉइनकडे जमिनीखालची गुपितं, बेरोनारकडे घरदार, अब्बाथोरकडे हाव. होय, हावेला स्वतंत्र खातं आहे. माझी बारा ओळींची शीट म्हणजे या झेरॉक्सची झेरॉक्स.

कुणी म्हणेल, खेळाला यादी लागतेच. पुजारी पात्र घेणाऱ्याला देव निवडायला दोन मिनिटं मिळतात, त्याला काय 'सिल्मरिलियन' वाचायला बसवणार? मान्य. मीही यादीच केली होती. माझी तक्रार यादी असण्याबद्दल नाही. यादी झाली की जग रचून झालं असं आपल्याला वाटू लागलंय, तक्रार तिथे आहे. 'वर्ल्डबिल्डिंग'च्या नावाखाली तासातासाचे व्हिडिओ निघतात: देवांचं कॅलेंडर कसं करायचं, चिन्हं कशी आखायची, कोणत्या देवाचा रंग कोणता. या लोकांचं त्यांच्या देवाशी काय बिनसलंय, हे त्यात कुठे येत नाही. आपल्या आजूबाजूचे देव आठवून बघा. कुणी बहिणीवर रागावून डोंगरावर जाऊन बसलाय, कुणी भक्तासाठी ताटकळत उभा आहे, कुणाला दोन बायकांमधलं भांडण सोडवता आलेलं नाही. आणि आपण काल्पनिक लोकांना देतो काय, तर खातेवाटप.

सिनेमानं तर कहर केला. पीटर जॅक्सनचे तिन्ही सिनेमे मी कॉलेजात असताना किमान पाच वेळा पाहिलेत आणि परत लावले तर परत बघेन, पण गिम्लीचं जे केलं ते केलंच. ड्वार्फ फेकण्यावरचे विनोद, ड्वार्फ बायकांच्या दाढीवरचा विनोद, वाढीव आवृत्तीत दारू पिण्याची स्पर्धा. या गडबडीत काय गाळलं ते पाहा. पुस्तकात गॅन्डाल्फ मोरियात दरीत कोसळल्यावर सगळे जीव मुठीत घेऊन बाहेर पडतात. अंधार पडायच्या आत दूर जायला हवं, ऑर्क मागे येणार आहेत. आणि तशात गिम्ली म्हणतो, थांबा, मला एका तळ्यापाशी जायचंय. फ्रोडो आणि सॅमला बरोबर घेऊन तो उतारावरून खाली पळतो. ते केलेद-झारम, ड्वार्फांचा मूळपुरुष ड्युरिन याला ज्याच्या पाण्यात पहिल्यांदा ताऱ्यांचा मुकुट दिसला ते तळं. त्यात वाकून पाहिलं तर आजही भर दिवसा तारे दिसतात, आणि स्वतःचा चेहरा दिसत नाही.

तिघे वाकून पाहतात. मग परत येतात. काय पाहिलंत, असं पिपिन विचारतो आणि सॅम इतका विचारात बुडालेला असतो की उत्तरच देत नाही.

हे दर्शन आहे, दुसरं काय? पाठीवर शत्रू असताना वाट वाकडी करून घेतलेलं, तेही परधर्मी मित्रांना सोबत नेऊन. मंत्र नाही, पुजारी नाही, घंटा नाही. पाण्यात बघायचं आणि आपण त्यात नाही हे बघायचं. सिनेमात या प्रसंगाला एक मिनिट मिळालं नाही. ड्वार्फ फेकायला मिळालं.

पुढे हाच गिम्ली हेल्म्स डीपमागच्या गुहा पाहून येतो आणि लेगोलासपुढे इतकं भरभरून बोलतो की लेगोलास चकित होतो. याला आजवर असं बोलताना त्यानं ऐकलेलंच नसतं. सोन्याचे लोभी म्हणून बदनाम झालेल्या जमातीतला हा माणूस म्हणतो की आम्ही या गुहा खणणार नाही, फुलबागेसारख्या जपू. दिवसभर जपून जपून काम करून एखादा टवका काढू, फार तर. गोरा कुंभार आणि सावता माळी यांच्या भाषेत वाढलेल्यांना ही पूजा आहे हे समजावून सांगावं लागू नये. आपल्या देवानं जे काम केलं तेच, त्याच्याच मायेनं, हळू हातानं करायचं.

लोभाचंही तसंच. सॉरॉननं ड्वार्फांना सात अंगठ्या दिल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं त्यांची सोन्याची हाव वाढली, हेही. पण माणसांतले नऊ जण अंगठ्या घालून त्याचे गुलाम झाले, सावल्या झाले. ड्वार्फ मात्र झाले नाहीत, त्यांच्यावर त्याचा ताबा बसेना. का? कारण आउलेनं त्यांना घडवतानाच तसं घडवलं होतं. अख्ख्या मध्यपृथ्वीत जी जमात सॉरॉनच्या मुठीत आली नाही, तिच्याबद्दल आपण लक्षात काय ठेवलं, तर हाव.

इथे टोल्किनलाही मोकळं सोडून चालणार नाही. हाव ठेवली त्यानंच. 'हॉबिट'मध्ये निवेदक स्पष्ट सांगतो की ड्वार्फ वीर वगैरे नव्हेत, पैशाचा हिशेब पक्का ठेवणारे लोक आहेत. आणि पुढे 1955 च्या एका पत्रात टोल्किन लिहितो की ड्वार्फ मला ज्यूंसारखे वाटतात: राहतील तिथले होऊनही परके, भाषा तिथली बोलणारे पण आपल्या खाजगी भाषेचा हेल न सुटलेले. त्यांची भाषा सेमिटिक वळणाची मुद्दाम घडवली, हे त्यानं नंतर बीबीसीच्या मुलाखतीतही सांगितलं. हद्दपार झालेले, गुप्त भाषेचे, सोन्याचे लोभी. युरोपात ज्यूंबद्दल शतकानुशतकं जे बोललं गेलं, त्याच्याशी हे इतकं जुळतं की अंगावर काटा यावा. टोल्किन ज्यूद्वेष्टा होता असं मात्र मी म्हणणार नाही. 1938 मध्ये जर्मन प्रकाशकानं तू आर्य आहेस का असं विचारलं तेव्हा त्यानं लिहिलेल्या उत्तराचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात तो आधी 'आर्य' या शब्दाचीच चिरफाड करतो, माझ्या पूर्वजांपैकी कुणी हिंदुस्थानी किंवा फारसी बोलत नव्हतं म्हणून. आणि मग म्हणतो, ज्यूंसारख्या गुणी लोकांपैकी माझे पूर्वज नाहीत याचं वाईट वाटतं. तरीही साचा हाताशी होता आणि त्यानं तो वापरला.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. 1937 च्या आसपासच्या त्याच्या हस्तलिखितांत ड्वार्फांना आत्माच नाही. कसब आहे, कला नाही, मेल्यावर ते ज्या दगडातून आले त्या दगडात परत जातात, असं लिहिलंय. आणि त्याच वर्षी छापलेल्या 'हॉबिट'मध्ये थॉरिन मरताना बिल्बोला सांगतो की मी आता वाडवडिलांच्या शेजारी बसायला चाललोय, जग नवं होईपर्यंत. आत्मा नसलेला माणूस असं कसं बोलेल? मला वाटतं टोल्किनचं पात्र त्याच्या सिद्धांतापुढे गेलं आणि सिद्धांताला मागून धापा टाकत यावं लागलं. छापील 'सिल्मरिलियन'मध्ये दोन्ही बाजू शेजारी शेजारी आहेत. एल्फ म्हणतात, ड्वार्फ मेले की दगड होतात. ड्वार्फ म्हणतात, आमचा माहाल (आउलेला ते माहाल म्हणतात) आम्हाला वेगळ्या दालनात सांभाळून ठेवतो, आणि शेवटच्या लढाईनंतर जग पुन्हा उभारायला आम्ही त्याच्या हाताखाली काम करू.

म्हणजे मोक्ष काय, तर पुन्हा कामाला लागणं. कारागिराच्या जमातीला याहून चांगला स्वर्ग कोण देईल?

पण 'सिल्मरिलियन' हे एल्फांचं पुस्तक आहे. ज्यांचं ड्वार्फांशी वैर, त्यांच्या तोंडून आपण ड्वार्फांचा धर्म ऐकतोय. ड्वार्फांनी स्वतः सांगितलेलं असं एखादंच वाक्य आत शिरलंय. सात बाप आहेत, आयांचा त्या कथेत पत्ता नाही. टोल्किनच्या प्रसिद्ध कथांमध्ये नाव असलेली ड्वार्फ बाई एकच, डीस, तीही परिशिष्टात. आणि ड्वार्फ आपलं खरं नाव परक्याला सांगत नाहीत, थडग्यावरसुद्धा कोरत नाहीत. मोरियातल्या थडग्यावर 'बालिन' लिहिलंय ते बाहेरच्यांसाठीचं नाव आहे. आणि थॉरिन, ड्युरिन, फार काय गॅन्डाल्फसुद्धा, ही नावं टोल्किननं जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून उचलली होती. तिथेही यादीच. त्या यादीतल्या नावांना त्यानं गोष्ट दिली आणि खरी नावं झाकून ठेवली.

हे सगळं मी मैत्रिणीला पुढच्या शनिवारी सांगितलं, उत्साहात, अर्धा तास. ते संपल्यावर मी माझी नवी आयडिया मांडली. टोल्किन कशाला, आपल्याकडे खरे डोंगर आहेत, खरे डोंगरदेव आहेत. तिच्या गावाकडे मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो, पावरी वाजते, लोक रात्र रात्र नाचतात, डोंगर चढतात. तेच घेऊ ना! नावं थोडी बदलू. 'आपल्या मातीतली फँटसी' हा शब्दप्रयोग मी केला, हे इथे कबूल करतो. हल्ली तो बराच चलनात आहे.

ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते शीटमध्ये टाकू नकोस."

मी म्हटलं, आदरानंच करू.

"आदराचा प्रश्न नाहीये. माझी आजी अजून जाते तिथे. तिला कुणी विचारलं की काय बघितलंस, तर ती सांगत नाही. तुझ्या खेळात तो देव कुणीतरी फासा टाकून मारणार. आमचं सगळं आधीच बाहेरच्या माणसांनी लिहून ठेवलंय, त्यांच्या त्यांच्या भाषेत. तुझ्या एल्फांनी लिहिलं तसं."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. परक्याचं घेऊ नये म्हटलं तर टोल्किननं नॉर्स लोकांकडून घेतलंच होतं. पण त्या देवांना मानणारी आजी तेव्हा हयात नव्हती, हा फरक लहान नाही. 'मातीतली' म्हणत आदिवासींची दैवतं कॅरेक्टर शीटवर चढवणारे सध्या बरेच आहेत, आणि मी त्यांच्यातला एक होता होता राहिलो. मेहनत चुकवायची ही दुसरी तऱ्हा. पहिलीत झेरॉक्स परदेशातून येते, दुसरीत सुरगाण्याहून.

शीट मी डिलीट केलेली नाही. अकरा ओळी उडवल्या. दारूचा देव सगळ्यात आधी गेला, खेळणाऱ्यांपैकी दोघांनी निषेध नोंदवला. दरडींची देवी ठेवली. तिच्यापुढचे कॉलम पुसून एकच नवा केला: ती यांचं काय देणं लागते? तिथे मी आतापर्यंत चार वेळा लिहून खोडलंय. सध्या एवढंच आहे: पहिल्या पावसाळ्यात तिनं स्वतःच्याच लेकरांचं गाव गाडलं, आणि ज्या एका घरावर दरड आली नाही त्या घरातले लोक तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीत.

मैत्रिणीनं वाचलं. "त्या घरातली मुलगी मी खेळते," म्हणाली, आणि फासे पुढे ओढले.